भूतानच्या वेशीवर

प्रवासाची तयारी म्हटली की आपल्या घरांतून पहिली धांदल उडते ती फराळाच्या डब्यांची. दशम्या किती घ्यावयाच्या, चिवडा कशात भरावयाचा, लोणच्याची बरणी वाटेत फुटली तर काय करावयाचे, या प्रश्नांचा निकाल लागेपर्यंत घरातील वडीलधाऱ्या बायकांस दुसरे काही सुचत नाही. कागदपत्रांची आठवण होते ती निघण्याच्या आदल्या रात्री, आणि तीही "सगळ्यांची कार्डे घेतलीत ना?" एवढ्या एका प्रश्नापुरती. काशीरामेश्वराच्या यात्रेस एवढी चौकशी पुरते. परंतु परराज्याच्या वेशीत पाऊल टाकावयाचे असेल तर फराळाचा डबा विसरला तरी निभावते, कागद विसरल्यास निभावत नाही. हा धडा आम्हांस २०२३ सालच्या ऑक्टोबरात भूतानच्या वेशीवर, भर दुपारी, आठ माणसे व अकरा डाग सामान अशा थाटात उभे असताना मिळाला. आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबे अलीकडे त्या देशी जाऊ लागली आहेत. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ही हकिकत लिहीत आहे.

आपल्या पणजोबांच्या काळी परदेशगमनाच्या आड शास्त्र येत असे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रीच्या धर्माचे काय होणार, याचीच चर्चा अधिक झाली. परत आलेल्या गृहस्थांना प्रायश्चित्ते घ्यावी लागत. तो काळ गेला. आता कोणी प्रायश्चित्त मागत नाही. कागद तेवढा मागतात. भूतानला जावयाचे तर समुद्रही ओलांडावा लागत नाही. बंगालच्या उत्तर टोकाला, चहाच्या मळ्यांच्या पलीकडे, हिमालयाच्या पायथ्याशीच त्या देशाची वेस आहे.

आमच्या मंडळींत आई, आत्या, थोरले बंधू, वहिनी, मी, आमची सौभाग्यवती, बंधूंची नऊ वर्षांची कन्या व आमचा चार वर्षांचा चिरंजीव, असे आठ जण होतो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तेव्हा तिचे वय चौऱ्याहत्तर. सव्विसाव्या वर्षी कुंकू पुसले गेले आणि ती माहेरी आली. तेव्हापासून आमच्या घरचा स्वयंपाक, सणवार, आजारपणे, बाळंतपणे सारी तिच्याच हातून पार पडली. आयुष्यात तिने प्रवास केला तो पंढरपूर, नाशिक व एकदा काशी एवढाच. "एकदा हिमालय डोळ्यांनी पाहावा" हे तिचे शब्द आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. खरे सांगावयाचे तर हा सारा बेत तिच्यासाठीच होता.

भूतानला जाण्यास भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही. हे वाक्य कानी पडले की आपण निर्धास्त होतो, आणि फसगतीचे मूळ तेथेच आहे. व्हिसा लागत नाही याचा अर्थ काहीच लागत नाही, असा नव्हे. प्रवेशाचा परवाना घ्यावाच लागतो. तो मिळण्यास दोहोंपैकी एक कागद मूळ प्रतीत हवा: निदान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट, किंवा भारताच्या निवडणूक आयोगाने दिलेले मतदार ओळखपत्र. अठरा वर्षांखालील मुलांजवळ पासपोर्ट नसेल तर त्यांच्या जन्माचा दाखला लागतो, आणि सोबत आईबाप किंवा कायदेशीर पालक असावा लागतो. महाराष्ट्रातील नगरपालिकांचे दाखले मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत छापलेले असतात, ते येथे उपयोगी पडते. याखेरीज छायाचित्र, राहण्याच्या जागेची नोंद, आणि कोणत्या दिवशी कोठे मुक्काम आहे याची यादी तयार ठेवावी. आधार कार्ड चालत नाही. हे शेवटचे वाक्य वाचकांनी अधोरेखित करून ठेवावे.

आमची प्रवासाची व्यवस्था ज्या गृहस्थांनी केली होती, त्यांनी "पासपोर्ट किंवा कोणतेही सरकारी ओळखपत्र" असे सांगितले होते. "कोणतेही" हा शब्द मोठा उदार आहे. पासपोर्ट असलेल्यांनी पासपोर्ट घेतले, आईने मतदार ओळखपत्र घेतले, आणि आत्याने पिशवीच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवलेले आधार कार्ड घेतले. तिचे मतदार ओळखपत्र घर बदलण्याच्या गडबडीत कधीच हरवले होते. मतदानाच्या वेळी आधार दाखवून काम भागत असे, म्हणून नवे कार्ड काढण्याचे कोणाच्या मनात आले नाही. घरातील कर्त्या पुरुषांनी ही चौकशी करावयास हवी होती. ती केली नाही, हा दोष माझा व बंधूंचा. व्यवस्था पाहणाऱ्याचा त्यानंतर.

बागडोगऱ्याच्या विमानतळावरून मोटारीने निघालो. सेवकपाशी तिस्ता ओलांडली, आणि मग दोन्ही बाजूंस चहाचे मळे लागले. छाटलेल्या झुडपांची ती हिरवी सपाटी, मधूनमधून सावलीसाठी लावलेले उंच वृक्ष, पाठीवर टोपल्या घेतलेल्या बायका, आणि उत्तरेला धूसर निळ्या डोंगरांची भिंत. आत्या खिडकीपाशी बसली होती. "हाच का रे हिमालय?" असे तिने दोनदा विचारले. "याच्या पलीकडे आहे," असे आम्ही दोन्ही वेळा सांगितले. चारसाडेचार तासांनी जयगाव आले.

जयगाव हे आपल्याकडचे शेवटचे गाव. हातगाड्या, रिक्षा, भोंगे, मारवाड्यांची दुकाने, नेपाळी व बंगाली गिऱ्हाइकांची गर्दी. कोणत्याही मोठ्या बाजारपेठेत दिसावे तसे सारे. त्या गर्दीतच रंगीत वेलबुट्टीचे, ड्रॅगनांच्या आकृतींनी सजविलेले भूतानचे महाद्वार उभे आहे. त्याच्या पलीकडे फुंतशोलिंग. द्वाराच्या एका बाजूस भोंग्यांचा कल्लोळ, आणि पन्नास पावलांवर दुसऱ्या बाजूस मोटारी मुकाट्याने पादचाऱ्यांसाठी थांबतात. घड्याळही तेथे अर्धा तास पुढे असते. नऊ वर्षांच्या कन्येला या अर्ध्या तासाचे फार कौतुक वाटले. "आपण तिकडे गेलो की अर्धा तास मोठे होऊ ना?" असे तिने विचारले.

परवान्याच्या कचेरीत आमची पाळी आली. खिडकीपलीकडे घो नावाचा गुडघ्यापर्यंतचा राष्ट्रीय पोशाख घातलेला एक तरुण अधिकारी होता. त्याने एकेकाचा कागद पाहिला, छायाचित्र घेतले, बोटांचे ठसे घेतले. मुलांचे दाखले लक्ष देऊन वाचले. आत्याचे आधार कार्ड हाती घेताच तो थांबला. "आजी, मतदार कार्ड?" त्याने हिंदीत विचारले. नाही. "पासपोर्ट?" नाही. त्याने कार्ड दोन्ही हातांनी परत दिले आणि नम्रपणे सांगितले की यावर प्रवेश देता येत नाही. बंधूंनी पुष्कळ समजावून पाहिले. कार्डावर भारत सरकारचे नाव आहे, बोटांचे ठसे त्याच कार्डाच्या नोंदीत आहेत, वय पाहा, आम्ही सारे सोबत आहोत. तो सारे ऐकून घेत होता आणि दर खेपेस तेच उत्तर तितक्याच शांतपणे देत होता. अखेरीस बंधूंचा आवाज चढला. तेव्हा आत्याच पुढे झाली. "अरे, त्याच्यावर का ओरडतोस? त्याच्या घरचा नियम आहे. तो काय मोडणार?"

त्या दिवशी आम्हांस दुसरा मार्ग सापडला नाही. बाहेर पायरीवर कुटुंबाची सभा भरली. सर्वांनी परत फिरावे असे बंधूंचे मत. आई म्हणाली, "वन्सं, तुम्हांला इथे ठेवून मी पुढे जाणार नाही." वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. आत्याने मात्र सर्वांना गप्प केले. "माझ्यापायी मुलांचा हिरमोड मला नको. तुम्ही सगळे जा. मी या गावात राहीन. बाळ माझ्यापाशी थांबेल." बाळ म्हणजे मी. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीही तिच्या लेखी मी बाळच. अशा रीतीने आठांचे सहा झाले. सहा जण द्वारातून पलीकडे गेले, आणि आम्ही दोघे अलीकडे राहिलो. चिरंजीवाने पुन्हा पुन्हा मागे वळून हात हलविला. आत्यानेही हलविला. मग ती म्हणाली, "चल, चहा पिऊ."

चार दिवस आम्ही जयगावात काढले. सकाळी तोरसा नदीच्या काठी जावे, दुपारी जेवून विश्रांती घ्यावी, संध्याकाळी महाद्वारासमोर जाऊन उभे राहावे, असा क्रम पडला. त्या उभे राहण्यात मला प्रथम अपमान वाटे. आपल्या पैशाने हिंडावयास आलेल्या एका म्हातारीला परत पाठविणारे हे राज्य ते केवढे! लोकसंख्या उणीपुरी आठ लाख. पुणे शहराच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. पण रोज तेथे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहता पाहता, आणि रात्री त्या देशाविषयी वाचता वाचता माझे मत हळूहळू पालटले.

भूतानच्या उत्तरेस चीन, दक्षिणेस भारत, दोन्ही अजस्र. मध्ये हा डोंगराळ चिमुकला देश. १९५८ सालच्या सप्टेंबरात पंडित नेहरू तेथे गेले, तेव्हा मोटारीचा रस्ता नव्हता. सिक्कीममधून नथुला ओलांडून, तिबेटातील चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर व याकांवर बसून त्यांस पारोला पोहोचावे लागले. त्यानंतर १९६० ते १९६२ या काळात फुंतशोलिंगहून थिंपूपर्यंत पहिला मोटाररस्ता झाला. तो आपल्याच सीमा सडक संघटनेच्या मदतीने झाला. परदेशी प्रवाशांना दार उघडले ते १९७४ साली, राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी. त्या वर्षी आलेल्या पाहुण्यांची संख्या २८७ सांगतात. दूरदर्शन व इंटरनेट यांना तर १९९९ पर्यंत मज्जाव होता. दार एकदम सताड न उघडता किलकिले करावयाचे, आत येणाऱ्यास पाहावयाचे, मग थोडे आणखी उघडावयाचे, अशी त्या राज्याची पहिल्यापासूनची चाल आहे. २००८ सालच्या राज्यघटनेत देशाची निदान साठ टक्के भूमी सदैव वनांखाली राहिली पाहिजे, असे कलम आहे. ज्यांनी झाडांविषयी इतका विचार केला, ते माणसांविषयी चौकशी करणारच.

प्रवेशशुल्काचा विषय येथेच सांगून टाकतो. कारण आपल्या घरांतून त्यावर फार वाद होतो. महामारीमुळे २०२० च्या मार्चात मिटलेले दार २०२२ सालच्या २३ सप्टेंबरास पुन्हा उघडले, तेव्हापासून भारतीय प्रवाशाकडूनही दर रात्रीस बाराशे रुपये घेतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांस निम्मे, त्याहून लहानांस माफ. इतर देशांच्या प्रवाशांस आरंभी दर रात्रीस दोनशे डॉलर पडत. २०२३ च्या सप्टेंबरापासून ते शंभर केले, आणि ही सवलत २०२७ च्या ऑगस्टअखेरपर्यंत जाहीर केली आहे. आमचा चार रात्रींचा हिशेब असा होता: सहा मोठ्या माणसांचे २८,८०० व कन्येचे २,४०० मिळून ३१,२०० रुपये. दोघे कमी झाल्याने प्रत्यक्षात भरले २१,६००. हा आकडा हॉटेल, मोटार व जेवण यांहून वेगळा आहे, हे ध्यानात ठेवूनच अंदाजपत्रक करावे. तेथील चलन ङुल्ट्रम रुपयाच्या बरोबरीचे आहे, ही त्यातल्या त्यात सोय.

"अतिथीला देव मानणारे आपण; पाहुण्याकडून दाराशीच पैसे घेणे हे कसले आतिथ्य?" असे बंधू वारंवार म्हणत. मलाही ते पटे. जयगावातल्या त्या रिकाम्या संध्याकाळी मात्र दुसरी बाजू दिसली. आपल्या थंड हवेच्या गावांची आपणच केलेली स्थिती आठवली. तुंबलेले घाट, प्लास्टिकने भरलेले ओढे, मे महिन्यात टँकरने आणावे लागणारे पाणी. त्या गावांनी कोणालाच काही विचारले नाही, म्हणून त्यांचे हे झाले. भूतानात शिक्षण व औषधोपचार सरकार विनामूल्य पुरविते. येणाऱ्या पाहुण्याने त्या घरखर्चास थोडा हातभार लावावा, असे त्यांस वाटले तर त्यात गैर ते काय?

आणि चौकशीची ही रीत काही साहेबाने नव्याने काढलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी सांगितला आहे. एक माषक घेऊन त्याने मुद्रा द्यावी. मुद्रा असेल त्यानेच जनपदात यावे किंवा बाहेर जावे. मुद्रेवाचून शिरणाऱ्यास बारा पण दंड करावा, अशी तेथे व्यवस्था आहे. आपल्या मराठी दप्तरांतून राहदारीचे परवाने व दस्तके पदोपदी आढळतात. एवढे कशाला, घरी साधी सत्यनारायणाची पूजा मांडली तरी संकल्पात आपण प्रथम काय सांगतो? संवत्सर कोणते, स्थळ कोणते, गोत्र कोणते, नाव काय. देवाच्या दारीसुद्धा मी कोण, कोठला, हे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट होत नाही. मग माणसाच्या दारी हाच प्रश्न आला तर राग का यावा?

हे सारे मी मोठ्या उत्साहाने आत्याला सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "संकल्प पुरुष करतात रे. आम्ही नुसता हाताला हात लावतो."

त्या वाक्यापाशी मी अडखळलो. त्या रात्री तिने जे सांगितले, ते आजवर आमच्या घरात कोणी विचारलेच नव्हते. तिचे माहेरचे नाव एका नदीचे होते. लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले. ते एका देवीचे. सासरी सात वर्षे ती त्या नावाने वावरली. परत माहेरी आली तेव्हा जुने नाव हाक मारावयास कोणाच्या तोंडी राहिले नव्हते, आणि नवे नाव ज्यांनी ठेवले ते घर तिचे राहिले नव्हते. तेव्हापासून ती कोणाची ताई, कोणाची वन्सं, कोणाची आत्या. घराची सातबाऱ्यावर नोंद वडिलांच्या नावे, गॅसची जोडणी बंधूंच्या नावे, विजेचे बिल माझ्या नावे. शाळेच्या नोंदवहीत एक नाव, आधार कार्डावर दुसरे, आणि त्यावरही जन्मतारखेऐवजी नुसते १९४९ हे साल. "त्या मुलाने विचारले ते बरोबरच होते," ती म्हणाली. "तू कोण, असे मला इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते. विचारले तेव्हा दाखवायला काही नव्हते."

चौथ्या दिवशी मंडळी परत आली. मुले याकांच्या व किल्ल्यांसारख्या झोंगांच्या गोष्टी सांगून थकली. आत्याने सारे ऐकले, प्रत्येक छायाचित्र पाहिले. आम्ही घरी परतलो.

दिवाळी झाल्यावर मी तिच्या पासपोर्टच्या मागे लागलो. प्रथम जन्मतारीख. कोकणातील ज्या शाळेत ती शिकली, तेथे गेलो. मुख्याध्यापकांनी जुनी नोंदवही काढून दिली. वाळवीने कडा खाल्लेल्या त्या पानावर नदीचे नाव, पूर्ण तारीख व वडिलांचे नाव शाईने लिहिलेले होते. शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत मिळाली. मग दोन नावांची सांगड. त्यासाठी प्रतिज्ञापत्र केले, आणि नावातील बदल शासनाच्या राजपत्रात छापून आणला. जुने नाव, नवे नाव, अशी ती एक ओळ. आत्याने चष्मा लावून ती ओळ बराच वेळ वाचली. पुढे आधार कार्डावरील तारीख दुरुस्त करून घेतली. अर्ज भरताना "यापूर्वी नाव बदलले आहे काय?" असा रकाना आला. तेथे "होय" असे तिने स्वतः सांगितले. साठ वर्षांवरील अर्जदारास शुल्कात दहा टक्के सूट असते, याचा तिला मोठा आनंद झाला. पोलीस चौकशीस आले तेव्हा तिने त्यांस कांदेपोहे दिले. काही दिवसांनी टपालाने पासपोर्ट आला. छत्तीस पानांची ती निळी वही तिने देवापुढे ठेवली व हळदकुंकू वाहिले.

२०२४ सालच्या ऑक्टोबरात आम्ही पुन्हा गेलो. या खेपेस चौघेच होतो; आई, आत्या, सौभाग्यवती व मी. तीच कचेरी, निराळा अधिकारी. त्याने पासपोर्ट उघडला, छायाचित्र पाहिले, आत्याकडे पाहिले, आणि तिचे संपूर्ण नाव मोठ्याने वाचले. "मीच," आत्या मराठीत म्हणाली. त्याला ते कळले असावे. त्याने ठसे घेतले, आणि परवाना तयार झाला. एवढेसे काम, दहा मिनिटेही लागली नाहीत.

पुढील रस्त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. फुंतशोलिंग सोडताच चढण लागते. वळणावळणांनी ढगांत शिरावयाचे, ढगांतून बाहेर पडावयाचे, असे पाचसहा तास चालते. मग साडेसात हजार फुटांवर थिंपू. राजधानी असूनही तेथे रहदारीचे दिवे नाहीत. चौकातील नक्षीदार छत्रीखाली उभा असलेला पोलीस पांढरे हातमोजे घालून हाताने मोटारींना वाट दाखवितो. आई व आत्या त्याच्याकडे पाहत पंधरा मिनिटे उभ्या होत्या. पारोच्या कड्यावरचे तक्त्संग हे मठ-मंदिर प्रथम १६९२ साली बांधले गेले. १९९८ साली ते आगीत जळाले, आणि पुढे तसेच्या तसे पुन्हा उभारले. तेथवर चढणे म्हाताऱ्या माणसांचे काम नव्हे. त्या दोघींनी खालूनच हात जोडले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोचुला खिंडीत गेलो. सुमारे दहा हजार फुटांवरील या खिंडीत एकशे आठ लहान स्तूप आहेत. आसामातील बंडखोरांनी भूतानच्या जंगलांत तळ ठोकले होते. ते उठविण्यासाठी २००३ च्या डिसेंबरात भूतानच्या सैन्याने मोहीम काढली. तीत कामी आलेल्यांच्या स्मरणार्थ राजमाता आशी दोर्जी वांग्मो वांगचुक यांच्या प्रेरणेने हे स्तूप उभारले. आपल्या देशाच्या शांततेसाठीही त्या लहान राज्याने रक्त सांडले, हे फार थोड्या प्रवाशांस ठाऊक असते. सकाळ स्वच्छ होती. उत्तरेकडे ढग बाजूला झाले आणि हिमशिखरांची रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी राहिली. या वेळी आत्याने "हाच का रे हिमालय?" असे विचारले नाही. पदर सावरून ती बराच वेळ तेथेच बसून राहिली. परतताना एवढेच म्हणाली, "मागच्या वर्षी आले असते तर तुमच्याबरोबर आले असते. या वर्षी माझी मी आले."

आता संसारी वाचकांस दोन शब्द. भूतानला जा, जाण्यासारखा देश आहे. नियम व दर बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी भूतान सरकारचे त्या वेळचे नियम स्वतः वाचा. "कोणतेही कार्ड चालते" असे सांगणाऱ्यावर विसंबू नका. मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवा, मोटारीच्या टपावरील पेटीत नव्हे. ज्या खोऱ्यांत जावयाचे त्यांची नावे आधीच कळवा. मुलांचे दाखले, पासपोर्टची मुदत, नावांतील अक्षरे ताडून पाहा. हे सारे प्रवाशाने पाळावयाचे.

पण एक गोष्ट प्रवासास न जाणाऱ्यांसाठीही आहे. येत्या दिवाळीला घर झाडावयास काढाल, तेव्हा कागदांची पेटीही एकदा उघडा. घरातील प्रत्येक माणसाचे, विशेषतः आजी, आत्या, मावशी, काकू यांचे, त्यांच्या स्वतःच्या नावाचे काय काय आहे, ते मोजून पाहा. बहुतेक घरांत मोजणी लवकर संपेल. आमच्या घरी ती एका कार्डावर संपली होती, आणि ते आम्हांस परक्या देशाच्या वेशीवर कळले. तुम्हांस ते आपल्या ओसरीवर बसून कळावे, एवढ्यासाठीच हा लेख.